गावचे रान राखताना मोजायचे काय?

रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जेथे जवळ येतात, तेथे सह्याद्रीच्या धारेला पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे गाव आहे. पावसाळ्यात भीमाची काठी आणि धबधबे पाहण्यासाठी तेथे पर्यटकांची गर्दी होते. शेजारच्या महाबळेश्वराला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि या डोंगरांवरही पावसाची कमतरता नाही. तरीसुद्धा महाड-पोलादपूरच्या कित्येक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी वणवण करावी लागते. पाणी पडते, पण थांबत नाही. ते थांबविण्याचे काम ज्या रानाने करावयाचे, त्या रानाची देखभाल आता केवळ वनखात्यावर सोडून चालणार नाही, हे आपणांस पटलेले आहे. गावोगाव वन समित्याही झाल्या. प्रश्न असा की, समितीचे काम नीट चालले आहे की नाही हे ओळखायचे कसे? त्यासाठी साधी मोजणी गावानेच कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

लोकांच्या सहभागाने वन राखण्याचा आपल्या देशातील गाजलेला प्रयोग पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्यात आराबारी येथे १९७२ साली सुरू झाला. वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी ११ गावांतील ६१८ कुटुंबांना सोबत घेऊन सुमारे १,२७२ हेक्टर उजाड सालवन राखावयास दिले आणि उत्पन्नाचा चौथा हिस्सा गावकऱ्यांना देण्याचे ठरविले. तेथे रान वाढले ते मुख्यतः जुन्या सालाच्या खुंटांना आलेल्या फुटव्यातून. पुढे १ जून १९९० रोजी केंद्र सरकारने संयुक्त वन व्यवस्थापनाबाबत परिपत्रक काढले आणि महाराष्ट्र शासनाने १६ मार्च १९९२ रोजी आपला शासन निर्णय प्रसिद्ध केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्कच मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. मेंढ्याचे यश नुसत्या कागदातून आलेले नाही. तेथे अभ्यास गट बसत, रानाची माहिती गावातच गोळा होई, आणि निर्णय सर्वसहमतीने घेतला जाई.

आपल्याकडे अनेक ठिकाणी चित्र वेगळे आहे. वाटेवर समितीचा फलक उभा आहे, पण समितीची वही नाही. अहवालात लिहिले जाते ते असे : इतकी रोपे लावली, इतके हेक्टर क्षेत्र घेतले, इतक्या सभा झाल्या. हे सर्व आकडे कामाचे आहेत, रानाचे नाहीत. जूनमध्ये लावलेल्या रोपाची मोजणी जुलैत झाली तर ती शंभर टक्के जगलेलीच दिसणार. त्यानंतर गुरे आहेत, वणवा आहे, आणि कातळावरचा चैत्र-वैशाख आहे.

साडेअठरा फुटांची दोरी

रानाची नाडी पाहण्यासाठी एक दोरी, एक टेप, चुन्याची किंवा रंगाची डबी आणि एक जाड वही एवढे साहित्य पुरते. दोरी साडेअठरा फूट म्हणजे ५.६४ मीटर लांबीची घ्यावी. मध्यभागी खुंटी ठोकून या दोरीने वर्तुळ फिरविल्यास आत बरोबर १०० चौरस मीटर म्हणजे एक आर क्षेत्र येते. डोंगर उताराचा असेल तर दोरी जमिनीला टेकवून न धरता पाणसळीत आडवी धरावी, नाहीतर वर्तुळ लहान भरते.

जागा निवडताना मनाला कौल लावू नये. आपला डोळा आपोआप दाट झाडीकडे जातो. त्याऐवजी रानातून जाणारी एक वाट धरावी, ठरावीक दोनशे पावले चालावे, डाव्या हाताला वीस पावले आत जावे, आणि जेथे पाय थांबेल तेथे खुंटी ठोकावी. मग तेथे झाडी असो की नुसता जांभा दगड असो. अशी किमान दहा वर्तुळे घ्यावीत व मध्यावर रंगविलेला दगड पक्का पुरावा. पुढील वर्षी मोजणी त्याच दगडाभोवती करावयाची आहे.

प्रत्येक वर्तुळात चार गोष्टी पाहाव्यात. छातीइतक्या उंचीवर (साडेचार फूट) टेप लावून मोठ्या झाडांचा घेर घ्यावा. आपोआप उगवलेली रोपे जातवार मोजावीत. जुन्या खुंटांपैकी किती खुंटांना धुमारे आहेत ते लिहावे. आणि ताजे तोडलेले खुंट वेगळे मोजून त्यावर रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे पुढील खेपेस तेच पुन्हा मोजले जाणार नाहीत. दहा वर्तुळे मिळून हेक्टरचा दहावा भाग होतो. समजा, दहांत मिळून १३० रोपे भरली, तर हेक्टरी सुमारे १,३०० रोपे आहेत असा अंदाज धरता येतो. मोजणी दिवाळीनंतर गवत बसल्यावर एकदा आणि मेअखेर एकदा करावी. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे उन्हाळ्याने, गुरांनी आणि वणव्याने आपणाकडून घेतलेली वसुली होय.

या मोजणीवरून बहुधा एक गोष्ट लक्षात येईल. ऐन, किंजळ, जांभूळ यांचे जिवंत खुंट रानात पुष्कळ असतात. त्यांची मुळे जुनी व खोल असल्याने त्यांचा फुटवा विकत आणलेल्या रोपापेक्षा लवकर वाढतो. अशा जागी खड्डे खणून रोपे लावण्यात पैसा घालवू नये. खुंटावरील दोन-तीन जोमदार धुमारे राखावेत व बाकीचे काढून सरपणास न्यावेत. तोड करणे भागच असेल तेव्हा पालवी फुटण्यापूर्वी, धारदार कोयत्याने, जमिनीलगत व तिरपा घाव घालून करावी. चिरफाळलेला खुंट कुजतो. रोपे लावावयाची ती फक्त जेथे खुंटही नाही आणि आपोआप उगवणही नाही अशा मोकळ्या जागी. सामाजिक वनीकरणाच्या काळात ऑस्ट्रेलियन बाभळीची एकसुरी लागवड कोकणात बरीच झाली. तिने डोंगर हिरवा दिसला, परंतु ऐनाचा टहाळ, जांभळे वा शिकेकाई तिच्यापासून कोणास मिळणार?

झरा आणि मोळी

रानाची दुसरी मोजणी पाण्याची. गावच्या झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरावी व ती किती सेकंदांत भरते ते घड्याळावर पाहावे. चाळीस सेकंद लागले तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर पाणी येते. फेब्रुवारी ते मे दर महिन्याच्या एकाच तारखेस ही नोंद करावी. मात्र एका वर्षाच्या आकड्यावरून रानाला शाबासकी देऊ नये की दोष देऊ नये. त्या वर्षीचा पाऊसही शेजारी लिहावा आणि चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र वाचावेत.

तिसरी मोजणी मोळ्यांची. महिन्यातून एक दिवस पाखाडीच्या तोंडाशी बसून रानातून किती मोळ्या आल्या, त्या सुक्या की ओल्या, हे टिपावे. हे काम बायकांच्या हाती द्यावे. कोणत्या बाजूचे सरपण संपत आले आणि मोळीसाठी पूर्वीपेक्षा किती लांब जावे लागते, हे त्यांच्याइतके समितीच्या अध्यक्षांनाही ठाऊक नसते. मोळीमागे एक तास वाढला, तर रान मागे हटले असे समजावे.

राब आणि वणवा

आपल्याकडे भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची रीत आहे. त्यासाठी दरवर्षी ऐन-किंजळाचा टहाळ तोडला जातो. शेंड्यापर्यंत खरडलेले झाड जिवंत राहते, पण घेर वाढत नाही आणि बीही धरत नाही. झाडाचा वरचा तिसरा हिस्सा राखावा आणि एकाच झाडावर तीन वर्षांतून एकदाच कोयता चालवावा. रानाचे तीन भाग पाडले की हा नियम पाळणे सोपे जाते. शेणखत घालून गादीवाफ्यावर रोपे केल्यास राबाची गरजच कमी होते. एकदम सर्व रोपवाटिका बदलण्याचे धाडस नको असेल तर पहिल्या वर्षी एक गुंठा करून पाहावा.

वणव्याबाबत एक समज घट्ट आहे की, जाळल्याने गवत चांगले येते. जुनी काडी गेल्याने कोंब लवकर दिसतात, हे खरे. पण त्याच आगीत वीतभर उंचीची रोपे मरतात आणि उघडी झालेली माती जूनच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यात जाते. डिसेंबर-जानेवारीत रानाच्या कडेने जाळरेषा काढावी. वहीत वणव्याची तारीख, सुरुवातीची जागा आणि जळालेला अंदाजे भाग लिहावा. तीन वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की आग कोठून येते ते उघड होते. बहुधा ती रस्त्याच्या त्याच वळणावरून किंवा त्याच बांधावरून येते, आणि मग पहारा सबंध डोंगराला न लावता तेथेच लावता येतो.

कारवीचे विशेष लक्षात ठेवावे. कुडासाठी उपयोगी पडणारी ही झुडपे साधारण सात वर्षांनी एकदाच फुलतात व मरतात. बोंडे पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाळत उभी असतात. त्या एका उन्हाळ्यात वणवा शिरला तर उताराचे पांघरूणच जाते. म्हणून कारवी फुलल्याचे वर्ष वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. २००५ साली महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते येथे आणि २०२१ साली तळिये तसेच पोलादपूरच्या केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडींनी माणसे गिळली. झाडांची मुळे वरच्या थरातील माती धरून ठेवतात, पण खोलवर सरकणारा डोंगर केवळ झाडांनी थांबत नाही. रान राखले म्हणून भेगांकडे दुर्लक्ष करू नये. मोजणीस जाताना जमिनीत नवी भेग, एकाएकी गढूळ झालेला झरा वा कललेली झाडे दिसली, तर त्याच दिवशी तलाठी व तहसील कार्यालयास कळवावे.

दंडाची पावती कोणाच्या नावे?

समितीच्या कामाची खरी परीक्षा दंडाच्या पावतीपुस्तकात होते. दोन वर्षे दंड शून्य आहे म्हणून चोरी शून्य आहे असे नाही. पावतीपुस्तक आणि ताज्या खुंटांची मोजणी शेजारी ठेवून वाचावी. खुंट वाढले आणि पावत्या नाहीत, तर राखण झोपली आहे. उलट पावत्या पुष्कळ असतील तर त्या कोणाच्या नावे आहेत ते पाहावे. मोळी आणणारी बाई आणि कातकरी यांच्याच नावे साऱ्या पावत्या असतील आणि ट्रकभर लाकडाबद्दल एकही नसेल, तर ते रान गावाचे राहिलेले नाही. ज्यांना जमीन नाही त्यांचे सरपण कोणत्या भागातून, कोणत्या दिवशी मिळेल हे आधी ठरवावे आणि मगच बंदी घालावी.

कोकणात आणखी एक अडचण आहे. बरीचशी झाडी मालकीची व सामाईक आहे आणि खातेदार मुंबईत आहेत. समितीने सरकारी रान जपावे आणि शेजारची मालकी झाडी ठेकेदाराने कोळशासाठी व सरपणासाठी उतरवावी, असे घडते. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे ठरावीक जातींच्या तोडीस परवानगी लागते, पण सह्या मुंबईतच गोळा झाल्या तर गावाला ते कुऱ्हाड पडल्यावरच कळते. यासाठी वहीचे वाचन शिमग्याला किंवा मे महिन्यात, चाकरमानी गावी असताना, सर्वांसमक्ष करावे. दोन मोजण्यांमधील फरक, झऱ्याची बादली आणि पावत्यांची नावे मोठ्याने वाचावीत. वाचनाची एक प्रत मुंबई मंडळाकडे पाठवावी. मालकी झाडीच्या तोडीचा करार करण्यापूर्वी गावसभेत सांगण्याचा ठराव त्याच बैठकीत मांडावा. तो पहिल्या वर्षी मंजूर होईलच असे नाही, पण झाडी कोण विकतो आहे हे तरी चारचौघांत बोलले जाईल.

वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करावयाचा असल्यास, आदिवासी नसलेल्या गावकऱ्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे तेथील वास्तव्य व वनावरील अवलंबन दाखवावे लागते. जुने दस्तऐवज, देवराईची माहिती, वृद्धांचे जबाब आताच जमा करावेत. दोरीची वही हा त्या काळाचा पुरावा नव्हे, परंतु हक्क मिळाल्यावर व्यवस्थापन आराखडा करताना पहिला प्रश्न रानात आज काय आहे हाच येतो, आणि त्याचे उत्तर त्या वहीत तयार असते. वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, कोणासही पाहता येईल अशा जागी ठेवावी. ती कोणा एकाच्या घरी ठेवू नये.