मालगाडीची वॅगन म्हातारी कशी करायची? गेरू, हिरडा आणि ग्राइंडरचा चुरा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. थोडी साफसफाई केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय वेदरिंग. म्हणजे रेल्वे मॉडेलमधल्या नव्या कोऱ्या वॅगनवर गंज, धूळ, काजळी चढवून ती वर्षानुवर्षं राबलेली दाखवायची. यासाठी तयार रंग आणि पावडरी मिळतात, पण महाग असतात. आज आपण घरातल्या आणि गावातल्या वस्तूंबद्दल बोलू.

मी नारायणगावला राहतो, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. गंमत बघा, जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वेच नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा मात्र लहानपणापासून ऐकतोय. रेल्वेचं वेड मला लागलं दोन ठिकाणी. एक, पुण्यातलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय, जे १९९८ पासून सुरू आहे. दुसरं, दौंडला मामांचं घर. मामांनी आयुष्यभर यार्डात वॅगन तपासल्या. रिटायर झाल्यापासून मात्र ते रेल्वेबद्दल फारसं बोलत नाहीत.

तर झालं असं, की मी प्लॅस्टिक शीट कापून एक बॉक्सएन वॅगन बनवली. बॉक्सएन म्हणजे कोळसा वाहणारी, वरून उघडी वॅगन. खरी साधारण १०.७ मीटर लांब असते. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, ती झाली बारा सेंटीमीटर. दोन महिने लागले. त्यावर सगळीकडे सारखा तपकिरी रंग फासला आणि कौतुकानं मामांना दाखवली.

त्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "छान आहे रे. पण ही वॅगन कामाला गेलेलीच नाही. हिच्यात भरलं काय होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मामा बोलायला लागले, ते तासभर. आतून माल आदळून पत्रा बाहेर फुगतो, तिथला रंग आधी उडतो. दाराच्या बिजागऱ्या आणि कड्या घासून उघड्या पडतात. पाणी वरून खाली ओघळतं, म्हणून गंजाचे डाग उभे असतात, आडवे नाही. चाकांच्या आसपास ब्रेकची तांबूस धूळ बसते. सिमेंट वाहणाऱ्या बंद वॅगनच्या दाराखाली राखाडी ओघळ असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर डाग म्हणजे त्या वॅगनचा लॉग. आधी माल ठरवा, मग डाग.

आता कृती.

पहिला गेरू. कुंड्यांना आणि तुळशी वृंदावनाला लावतो तोच. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि गंज म्हणजे तरी वेगळं काय? तो कुटून जुन्या नायलॉनच्या मोज्यातून चाळा. चाळणं महत्त्वाचं, कारण १:८७ मध्ये एक मिलिमीटरचा खडा जवळपास नऊ सेंटीमीटरचा दगड दिसतो. मग मऊ ब्रशनं कोरडाच लावा. वरून मॅट व्हार्निश मारलं की निम्मा रंग गायब होतो, म्हणून थोडा जास्तच लावा.

दुसरा हिरडा. भीमाशंकर, आहुपे पट्ट्यातली आदिवासी कुटुंबं गोळा करतात तो. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, आणि टॅनिनला लोह भेटलं की निळसर काळा रंग तयार होतो. जुनी शाई याच तत्त्वावर बनायची. दोन-तीन हिरडे कुटून अर्धा कप पाण्यात उकळा, गाळा. दुसरीकडे लोखंडी खिळे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन तयार होतो. आधी हिरड्याचं पाणी लावा, ते वाळलं की खिळ्यांचं. काही मिनिटांत डाग काळा पडतो. कोळशाच्या वॅगनची आतली बाजू यानं झकास होते.

इथे मी दोनदा आपटलो. आधी खिळ्यांऐवजी भांड्यांची स्टीलची घासणी बुडवली. आठवडाभर काही झालं नाही, कारण ती स्टेनलेस! मग गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाणी थेंब-थेंब होऊन घसरलं. त्यामुळे आधी मॅट प्रायमर, आणि पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब.

तिसरा ग्राइंडरचा चुरा. गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात फुकट मिळतो. कागदाखाली चुंबक फिरवून लोखंड वेगळं करा. पातळ फेविकॉलवर भुरभुरवा, वाळल्यावर मीठ घातलेलं व्हिनेगर टिपा. सकाळपर्यंत खराखुरा गंज! मात्र हा चुरा सुटा राहिला तर इंजिनाच्या मोटरचं चुंबक तो ओढून घेतं आणि मोटर जाते. म्हणून व्हार्निशनं पक्का करा आणि रुळावर ठेवण्याआधी चुंबक फिरवून तपासा.

एक ताकीद. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. चुऱ्याचं काम मास्क लावूनच करा. आणि प्रत्येक प्रयोग आधी टाकाऊ तुकड्यावर.

दिवाळीत दुसरी वॅगन घेऊन दौंडला गेलो. मामांनी चष्मा लावला, आत डोकावले. "कोळसा," ते म्हणाले. मग बाजूवर बोट ठेवलं. "पण पीओएचची तारीख कुठाय?" पीओएच म्हणजे ठरावीक मुदतीनं कारखान्यात होणारी मोठी दुरुस्ती. ती कुठे आणि कधी झाली, ते वॅगनवर रंगवलेलं असतं. गंजलेल्या वॅगनवरही तेवढा चौकोन ताजा दिसतो.

"तारखेशिवाय मी सोडणार नाही हिला," मामा म्हणाले, आणि कपाटातून त्यांची जुनी वही काढायला उठले.

त्या वहीबद्दल पुढच्या भागात. तोवर तुमच्या घरातला गेरू शोधून ठेवा. भेटूच!