वेतनाचा आकडा आणि त्याचा अर्थ

संगणक-व्यवसायातील वेतनांची तुलना करू पाहणाऱ्यास आरंभीच एक अडचण येते. ज्या दोन आकड्यांची तुलना करावयाची, ते बहुधा एकाच गोष्टीचे नसतात. भारतात नेमणूकपत्रावर लिहिलेला वार्षिक आकडा हा कर्मचाऱ्याच्या हाती पडणारा पगार नसून, त्याच्यापायी कंपनीला येणारा एकूण खर्च असतो. समजा, हा आकडा ६ लाखांचा आहे. त्यातील निम्मी रक्कम मूळ वेतनाची आहे आणि दहावा हिस्सा कामगिरीवर अवलंबून आहे. मूळ वेतनाच्या १२ टक्के दराने कंपनीने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी ३६,००० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १४,४०० रुपये व कामगिरीचे ६०,००० रुपये वगळले, आणि कर्मचाऱ्याची स्वतःची ३६,००० रुपयांची वर्गणी कापली, म्हणजे दरमहा ३८ हजारांहूनही थोडे कमीच उरतात. दरमहा ५० हजार गृहीत धरून संसार मांडणाऱ्याची पहिल्याच महिन्यात तारांबळ उडते. निधी त्याचाच असतो हे खरे. पण त्यातून वाण्याचे बिल भागत नाही.

विशेष कौशल्यानुसार वेतन बदलते, यात शंका नाही. अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये आज्ञावली रचणाऱ्यांचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे १,३३,००० डॉलर होते. आज्ञावलीची चाचणी घेणाऱ्यांचे सुमारे १,०२,६०० डॉलर, तर वापरणाऱ्यांच्या अडचणी सोडवणाऱ्या साहाय्यकांचे सुमारे ६१,५०० डॉलर होते. मध्यक म्हणजे ज्याच्या वर निम्मे व खाली निम्मे लोक असतात, तो आकडा. भारतात मात्र कामाच्या नावापेक्षा कंपनीचा प्रकार अधिक निर्णायक ठरतो, असे म्हणावे लागेल. सेवा पुरविणारी कंपनी आपल्या माणसांचे श्रम परदेशी ग्राहकास विकते. ग्राहक जो दर देईल, त्याच्या आत तिला वेतन बसवावे लागते. याउलट, परदेशी कंपनीने स्वतःच्याच कामासाठी येथे उघडलेले केंद्र वेतनाची तुलना मायदेशातील खर्चाशी करते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरात उघडलेले केंद्र हे याचे आरंभीचे उदाहरण होय. त्यामुळे एकाच महाविद्यालयातून निघालेल्या, एकच काम करणाऱ्या दोघांच्या वेतनांत दुपटीचे अंतर पडू शकते.

अनुभवाचे मोलही सर्वत्र सारखे नाही. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवपदवीधरांचे आरंभीचे वार्षिक वेतन २०१० च्या सुमारास तीन ते साडेतीन लाख होते आणि पुढील दशकभरात ते जवळजवळ तेथेच राहिले. महागाई मात्र थांबली नाही. दरवर्षी पदवीधरांची नवी रांग दाराशी उभी असते, हे त्याचे उघड कारण. चार-पाच वर्षांनी चित्र पालटते. तेव्हा वार्षिक वाढीपेक्षा नोकरी बदलल्याने होणारी वाढ बहुधा मोठी असते.

राहता राहिला प्रदेशाचा प्रश्न. बंगळुरातील वेतन नागपूर किंवा कोइंबतूरपेक्षा सहसा अधिक असते, पण तेथे दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची रीत प्रसिद्धच आहे. अलीकडे ती काहीशी सैल झाली आहे, एवढेच. भाडे २०,००० रुपये धरले, तरी अनामत २ लाखांवर जाते, म्हणजे वरील उदाहरणातील तरुणाचे पाच महिन्यांहून अधिक काळाचे हातात येणारे वेतन.