मिकीला भेटायचंय? आधी रजेचं बोला!

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं, तेव्हा मोठ्यांना प्रवेश होता एक डॉलर. राइड्सचे पैसे वेगळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये गर्दीच्या दिवसाचं, एकाच पार्कचं तिकीट गेलं २०६ डॉलरवर. चार मोठी माणसं गेलात तर झाले ८२४. पार्किंग आणि खाणंपिणं अजून धरलंच नाही!

पण खरी गंमत पुढेच आहे. सगळ्यात स्वस्त तिकीट त्या वाढीतही १०४ डॉलरच राहिलं, २०१९ पासून तेवढंच. तेच पार्क, त्याच राइड्स. फक्त तारीख बदला की भाव जवळपास निम्मा. दिवस बघून दर लावायचा हा फंडा इथे २०१६ मध्ये आला. फटका कुणाला? शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या आईबाबांना. ऑफ सीझनला, मधल्या वारी रजा टाकू शकणारी सडेफटिंग मंडळी मात्र मजेत.

बाकीचेही काही कच्चे नाहीत. घरचा डबा आत नेता येतो, तो नेतात. (आपल्याकडे गेटवर पिशव्या उघडायला लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.) तिथले स्थानिक लोक वार्षिक पास हप्त्यांवर घेतात आणि संध्याकाळी नुसती चक्कर मारून येतात.

खटकते ती रांग. ती टाळायचा ‘फास्टपास’ १९९९ पासून फुकट मिळायचा. २०२१ पासून त्याच सोयीचे वेगळे पैसे पडतात. दरवाढीवर चिडलेले लोकही ते मुकाट मोजतात. एवढं महागडं तिकीट काढून दिवसभर रांगेत कोण उभं राहणार?