नखभर पैठणी

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण तुम्ही आजीच्या तोंडून ऐकली असेलच. नवी वही आणली की पहिली तीन पानं मोत्यासारखं अक्षर आणि चौथ्या पानापासून कोंबडीचे पाय, असं झालं की आजी हमखास ही म्हण ऐकवते. पण बालमित्रांनो, हाच तेरडा एका जागी मात्र आजीला खोटं पाडतो. तिथे त्याचा रंग तीन दिवस नाही, चांगला तीन-चार महिने टिकतो. ती जागा म्हणजे तुमचं नख!

श्रावण-भाद्रपदात तेरडा फुलतो. गुलाबी, लाल, जांभळी, पांढरी फुलं. आपल्या मराठवाड्यात महालक्ष्म्या येतात त्या सुमारास अंगणात, कुंडीत तो डोलत असतो. हिंदी-उर्दूत त्याचं नाव आहे गुलमेंहदी, म्हणजे मेंदीचं फूल. नावातच गुपित सांगून टाकलंय. मेंदीच्या पानांत 'लॉसोन' नावाचं एक रंगद्रव्य असतं. तेच तेरड्यातही असतं. आपली नखं, केस आणि कातडीचा वरचा थर 'केरॅटिन' नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. लॉसोन या केरॅटिनला घट्ट धरून बसतं. मग साबण लावा, नाहीतर भांडी घासा, रंग जात नाही.

दूर कोरियातल्या मुली उन्हाळ्यात तेरड्याची पानं-फुलं तुरटी घालून वाटतात, तो लगदा नखांवर ठेवून वर कापड किंवा पान बांधतात आणि रात्रभर तशाच झोपतात. पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर थोडासा जरी रंग उरला, तर मनातलं माणूस आपलं होतं, अशी तिकडची गोड समजूत आहे. आपल्याकडे कुठला बर्फ! पण आपण संक्रांतीपर्यंतची पैज लावू शकतो. कशी, ते बघा.

पैज संक्रांतीची

तेरड्याच्या मूठभर पाकळ्या आणि दोन-तीन पानं घ्या. हरभऱ्याच्या दाण्याएवढी तुरटी घाला आणि खलबत्त्यात कुटा. (खलबत्ता नंतर स्वच्छ धुवायचा, नाहीतर आईच्या चटणीला तुरटीची चव!) नखाभोवतीच्या कातडीला आधी खोबरेल तेल लावा, म्हणजे बोट रंगणार नाही. मग लगदा फक्त नखावर ठेवून दोन-तीन तास बसून राहा. रंग केशरी-तांबूस येतो. तेरडा मिळाला नाही तर मेंदीची साधी हिरवी पूड भिजवून लावा.

आता वहीत तारीख लिहा. दर रविवारी पट्टी घेऊन बघा. नखाच्या मुळाशी बिनरंगाची नवी पट्टी दिसायला लागेल. ती मिलिमीटरमध्ये मोजा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मधल्या बोटाचं जरा जास्त, करंगळीचं जरा कमी. पायाचं नख तर जवळजवळ निम्म्याच वेगाने. आता गणित तुम्हीच करा. तुमचं नख १२ मिलिमीटर लांब असेल, तर मुळाशी लागलेला रंग टोकाला पोचायला किती महिने? चार! म्हणजे गणपतीत रंगवलेल्या नखाचा शेवटचा केशरी तुकडा तिळगूळ खाण्याच्या दिवसांत नेलकटरखाली सापडणार. नख वाढतं म्हणजे मुळाशी नवं तयार होतं आणि जुनं पुढे सरकतं, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा असं डोळ्यांनी बघायला जास्त मजा येते.

बाटलीतली जादू

आता वळू या नेलपॉलिशकडे. बाटली हलवली की आत टक-टक आवाज येतो ना? त्यात बारीक गोळ्या असतात. तळाला बसलेला रंग ढवळायचं काम त्यांचं. पण बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे होतात. दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवा.

नेलपॉलिशमध्ये मुख्यतः नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ एका उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेला असतो. द्रव उडून गेला की मागे पातळ, चकचकीत पापुद्रा राहतो. १९२० च्या दशकात मोटारगाड्यांना लावायचे झटपट वाळणारे रंग निघाले, ते याच जातीचे. आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा चित्रपटांच्या फितीही नायट्रोसेल्युलोजच्याच असत. त्या फिती भयंकर पेट घेत. म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा नियम: नेलपॉलिश आणि ते पुसायचा रिमूव्हर गॅस, समई, निरांजन, उदबत्ती यांच्या आसपास उघडायचाच नाही. दिवाळीत तर मुळीच नाही. खिडकी उघडी ठेवून बसा, कारण तो वास डोक्यात जातो.

दुसरा नियम: नखाच्या मुळाशी जी बारीक कातडी असते, ती कापायची नाही, मागे ढकलायचीही नाही. ती दाराला लावलेल्या पट्टीसारखी असते. ती फाटली की जंतू आत शिरतात आणि नखुरडं होतं. ज्याला झालंय त्याला विचारा, रात्रभर ठणकतं म्हणजे काय!

तिसरा नियम: पातळ थर द्यायचा. एक पट्टा मधोमध, एक डावीकडे, एक उजवीकडे, बस्स. जाड थर वरून वाळलेला दिसतो, पण आत ओलाच राहतो आणि कशाला हात लागला की त्याची चुरगळी होते. एक थर नीट वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. सगळ्यात अवघड नियम हाच, कारण धीर धरावा लागतो.

आपल्या गावाची नक्षी

नखावर काय काढायचं? फुलपाखरू, बदाम, स्माइली तर सगळेच काढतात. आपण छत्रपती संभाजीनगरजवळ राहणारी मंडळी. आपल्या आजूबाजूला नक्षीची खाणच आहे. हत्यारं मात्र घरातलीच: गोल डोक्याची टाचणी, दात कोरायची काडी, सेलोटेप आणि कापूस. आधी कागदावर पेन्सिलीने आपल्या दहा नखांचे आकार काढा आणि स्केचपेनने सराव करा.

पैठणी: आपल्या शहरापासून पैठण साधारण ५० किलोमीटर. नखांना जांभळा किंवा मोरपंखी रंग द्या. पूर्ण वाळल्यावर नखाच्या टोकाशी थोडी जागा सोडून सेलोटेप चिकटवा आणि उरलेल्या जागेत सोनेरी पट्टा ओढा. टेप अलगद काढा. झाला काठ! त्या पट्ट्याच्या कडेला काडीने एका ओळीत इवलेइवले त्रिकोण काढले की नारळी काठाचा भास होतो. अंगठ्याचं नख सगळ्यात मोठं, म्हणून तो पदर. त्यावर सोनेरी गोल काढून आत निळ्या-हिरव्या ठिपक्यांचा मोर बसवा. पैठणीत असा गोलातला मोर असतो, त्याला 'बांगडी मोर' म्हणतात. बाकीच्या नखांवर टाचणीच्या डोक्याने सोनेरी बुट्टे. करंगळीवर हिरवा ठिपका आणि त्याला लाल चोच काढा, ती 'मुनिया', म्हणजे पैठणीतला पोपट.

मकबऱ्याची जाळी: औरंगजेब बादशहाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिचं स्मारक म्हणजे बीबी का मकबरा. तो सगळाच्या सगळा संगमरवरी नाही, हे ठाऊक आहे? घुमट संगमरवरी, पण बराचसा भाग दगडी बांधकामावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा करून पांढरा केलेला आहे. म्हणजे मकबऱ्यालाही एक 'बेस कोट' आहेच! नखावर फिकट तपकिरी रंग द्या. वाळल्यावर काडीने बारीक पांढऱ्या तिरक्या रेघा आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने ओढा. जिथे रेघा भेटतात तिथे टाचणीने पांढरा ठिपका द्या. संगमरवरी जाळी तयार.

अजिंठ्याचं छत: शाळेच्या सहलीत अजिंठ्याला गेलात तर एकदा मान वर करून बघा. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याचं छत चौकोनाचौकोनांत वाटलेलं आहे. प्रत्येक चौकोनात वेगळं चित्र. कुठे कमळ, कुठे हंस, कुठे फळं. आपली दहा नखं म्हणजे तसेच दहा चौकोन समजा आणि प्रत्येकावर वेगळं चित्र काढा. पण एक अट! रंग अजिंठ्याचेच वापरायचे. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरवा, काजळीचा काळा, पांढरा आणि थोडासा निळा. निळा थोडासाच, कारण तो लाजवर्द नावाच्या दगडाचा आणि तो दगड थेट अफगाणिस्तानातून यायचा. एवढ्या मोजक्या रंगांत त्या चित्रकारांनी जे केलं, त्याला दीड हजार वर्षं होऊन गेली, तरी आपण तोंडात बोट घालतो.

हिमरू: १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्याच्याबरोबर विणकर आले आणि त्यांच्याबरोबर ही कला आली, असं सांगतात. सूत आणि रेशीम मिळून विणलेलं हे कापड. आता त्याचे हातमाग थोडेच उरलेत. हिमरूत एकच लहान फूल किंवा पान दाटीवाटीने पुन्हा पुन्हा येतं. नखावर मधे एक आणि भोवती पाच ठिपके दिले की फूल होतं. तशी फुलं ओळीने काढा. सगळी एकसारखी आली पाहिजेत. इथेच खरी परीक्षा!

आणि हो, मुलग्यांनी नाक मुरडायचं कारण नाही. हिमरूच्या नि पैठणीच्या मागावर किती तरी पुरुष कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत. स्वतःच्या नखावर नको वाटत असेल तर ताईच्या नखावर काढा. तिला तशीही उजव्या हातासाठी मदत लागणारच!

आई-बाबांसाठी चार शब्द

बऱ्याच शाळांत नेलपॉलिश चालत नाही. तो नियम मोडून शिक्षा ओढवून घेण्यात काही मौज नाही. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी मोकळीच असते. नाहीतर पायाची नखं आहेतच, बुटांत ती कुणाला दिसणार? एक गोष्ट मात्र खरोखर महत्त्वाची. मूल आजारी असेल, दवाखान्यात न्यायचं असेल तर नखं आधी पुसून टाका. अंगात रक्त कमी आहे का, ओठ-नखं निळी पडलीत का, हे डॉक्टर नखांवरून बघतात. २०२० साली करोनात आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं झालेलं ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र, तेही गडद नेलपॉलिशमुळे चुकीचा आकडा दाखवू शकतं.

काळ्या मेंदीच्या कोनापासून मुलांना लांब ठेवा. खरी मेंदी कधीच काळी नसते. तो रंग काळा करायला अनेकदा केसांच्या डायमधलं रसायन घालतात आणि त्याने कातडीवर फोड येऊ शकतात. नखं कुरतडणाऱ्या मुलांना नेलपॉलिश लावू नका, ते पोटात जातं. तान्ह्या बाळाला तर रंगही नको आणि मेंदीही नको. रिमूव्हर कायम उंच कपाटात ठेवा. वापरून झाल्यावर हात साबणाने धुवून नखांना खोबरेल तेल चोळायला सांगा, कारण रिमूव्हरने नखं कोरडी पडतात.

आणि शेवटी पुसायचं

सुट्टी संपली, उद्या शाळा. कापसाच्या बोळ्यावर रिमूव्हर घ्या, नखावर दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरा आणि मग पुसा. तासभर मान मोडून काढलेला मोर एका क्षणात कापसावर. थोडं वाईट वाटेल. वाटू द्या. कारण त्याच वेळी एक गोष्ट कळेल. नखभर मोराला आपल्याला तासभर लागला, तर पैठणीच्या पदरावर एकेक धागा मोजून मोरांची रांग बसवणाऱ्या विणकराला किती दिवस लागत असतील? भरगच्च नक्षीची एक पैठणी विणायला कित्येक महिने जातात. पुढच्या वेळी आई कपाटातून पैठणी काढेल तेव्हा पदर उलटून बघा. चांगल्या हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.

नेलपॉलिशचा रंग गेला तरी त्याखाली तेरड्याचा रंग असेलच. तो पुसता येत नाही. तो आपला रोज केसभर पुढे सरकत राहील, संक्रांतीपर्यंत. तेव्हा आजीला नख दाखवा आणि म्हणा, "आजी, तुझी म्हण आता बदलावी लागणार!"