अंगठा लागत नाही, तेव्हा

फुलचूर गोंदिया शहराला लागून आहे, पण जिल्हा सगळा धानाचा. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावतात. बोटं पांढरी पडतात, कातडी सोलते. त्याच बोटांनी त्या कंट्रोलवर, म्हणजे रेशन दुकानात, जातात, पॉस मशीनच्या काचेवर अंगठा ठेवतात आणि ऐकतात, "लागत नाही."

त्या काही सेकंदांत काय होतं? काच अंगठ्याचं चित्र घेते. रेघा कुठे संपतात, कुठे त्यांना फाटे फुटतात, हे मशीन टिपतं. ती टिपणं आधार क्रमांकासोबत सांकेतिक भाषेत बांधून मोबाइलच्या रेंजवरून आधारच्या सर्व्हरकडे जातात. तिथे नोंदणीच्या वेळच्या ठशाशी ती ताडून पाहिली जातात आणि 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येतं. झिजलेल्या बोटावर रेघाच पुसट, म्हणून 'नाही'. रेंज गेली तर उत्तरच येत नाही. बाईच्या पिशवीला दोन्ही सारखंच. खरं तर कारण कळायला हवं. ठसा जुळत नसेल तर हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावता येतं, कारण नोंदणीत दहाही बोटं घेतलेली असतात. रेंज नसेल तर बोटं घासून काहीच उपयोग नाही.

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या लिनेट टेलर यांनी २०१७ मध्ये डेटा-न्यायाची, म्हणजे माणसांच्या डिजिटल नोंदींबाबतच्या न्यायाची, मांडणी केली. त्यात तीन गोष्टी आहेत. नोंदीत माणूस दिसावा, पण त्याचं खासगीपण राहावं. तंत्रज्ञान घ्यायचं की नाही हे त्याला ठरवता यावं. आणि यंत्राने भेदभाव केला तर दाद मागता यावी. कंट्रोलच्या रांगेत मला तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चूक यंत्राची असो की रेंजची, फेरी आणि बुडालेली मजुरी बाईचीच.

दाद मागायला कायदा आहे. धान्याचा हक्क २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा आहे: प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घरामागे ३५ किलो. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारीही त्याच कायद्याने नेमायचा आहे. पण त्याच्यापुढे ठेवायचं काय? धान्य मिळालं की मशीनमधून पावती निघते. नाकारलं तरी ती निघालीच पाहिजे: तारीख, वेळ, कोणतं बोट लावलं आणि का लागलं नाही.