खोकला दोन आठवडे टिकला? बाटली बदलू नका, तपासणी करा



१६ जून ते १५ ऑगस्ट आपला बंद ऋतू. जाळी घरात येतात, पावसामुळे दारं बंद असतात आणि आत चुलीचा धूर. घरात कुणी ना कुणी खोकत असतं. मग मेडिकलमधून बाटली आणायची, उतरला नाही की दुसरी आणायची. पण खोकला ही आजाराची खूण आहे. आजार कोणता ते कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

🔹 टीबी
दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीत रक्त. यातलं काहीही दिसलं तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करा. तोंडातली लाळ चालत नाही, छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. साधा टीबी असेल तर किमान ६ महिने रोज गोळ्या. लघवी केशरी होते, घाबरू नका, तो गोळीचा रंग आहे. डोळे पिवळे दिसले तर मात्र लगेच डॉक्टरकडे जा. महिन्याभरात बरं वाटतं आणि माणूस गोळ्या सोडतो, तिथेच घात होतो. उरलेले जंतू औषधाला जुमानत नाहीत. मुक्कामी मासेमारीला जाताना गोळ्या बरोबर ठेवा. घरातल्या सगळ्यांचीही तपासणी करा. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात. निक्षय हेल्पलाइन: १८००-११-६६६६.

🔹 दमा आणि सीओपीडी
दम्यात धाप येते-जाते, रात्री-पहाटे छातीत शिट्टी वाजते. सीओपीडी बहुतेक चाळिशीनंतर, बिडी ओढणाऱ्यांना आणि वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांना. दम हळूहळू कमी होत जातो. फरक कळतो तो नळीत जोरात फुंकून करायच्या स्पायरोमेट्री तपासणीत.

"पंप लागला की सुटत नाही" असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही. पंपाचं औषध थोडंसंच असतं आणि थेट फुप्फुसात जातं. श्वास पूर्ण सोडा, पंप दाबतानाच सावकाश आत ओढा, १० आकडे मोजेपर्यंत रोखा, शेवटी चूळ भरा. होडीवर जाताना पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत खिशात ठेवा.

🔹 लहान मुलं
ताप-खोकल्यात श्वास मोजा. एका मिनिटात २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

🚨 ओठ निळे, बोलताना धाप, बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जाणं: थांबू नका, १०८ ला फोन लावा.

मानपुरहून पुढे पाठवलं तर इंदूरला एमवाय रुग्णालय आणि मनोरमा राजे टीबी रुग्णालय आहे. डॉक्टरांची चिठ्ठी, जुने एक्स-रे आणि आधार कार्ड बरोबर न्या.

नावमालकांनो, शेवटचं तुमच्यासाठी. टीबी निघालेल्या माणसाला कायमचं उतरवू नका. रोजी जाईल या भीतीनेच माणूस खोकला लपवतो आणि एकाच झोपडीत झोपणाऱ्या चौघांना धोका होतो. औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याला परत नावेवर घ्या.

घरात कुणी खोकत असेल, तर उद्याच घेऊन जा. 🙏