जान्वस्थिच्युती, आवर्ती
गुडघ्याची वाटी (जान्वस्थी) मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वारंवार बाहेरच्या बाजूस निखळण्याची विकृती. उथळ खोबण व आतील बाजूचा सैल वा फाटलेला बंध ही प्रमुख कारणे होत. हाउझर यांनी १९३८ मध्ये वाटीखालील कंडरेचे नडगीवरील बंधनस्थान आत व खाली सरकविण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीमुळे निखळणे बहुधा थांबे. परंतु नडगीच्या त्रिकोणी आकारामुळे ते स्थान मागेही जाई, वाटीवरील दाब वाढे आणि काही वर्षांनी अनेकांचा सांधा झिजे. म्हणून ती मागे पडली. आता बंधाच्या जागी बहुधा रुग्णाचीच कंडरा बसवितात. त्यानंतर वाटी क्वचितच पुन्हा निखळते. तथापि आधी इजा झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही. उकिडवे बसताना किंवा पुण्याच्या तालमींतील बैठका काढताना वाटीवर मोठा दाब येतो. त्यामुळे वाटी जागेवर राहूनही वेदना टिकू शकते.